भरत नाट्य मंदिरात काय दिसलं ते लिहा

कॉलेजचे विद्यार्थी चालवतात त्या पेपरात परीक्षण लिहायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला आधी सिनेमावरच लिहायचं असतं. साहजिक आहे, सिनेमा सगळ्यांनी बघितलेला असतो, त्यावर बोलायला मजा येते, आणि युट्यूबवरचे रिव्ह्यू ऐकून ऐकून एक आयता सूरही कानात बसलेला असतो. पण पुण्यात कॉलेजला असताना आमच्या पाक्षिकात मनोरंजनाचं पान मी बघायचे, आणि आताही ज्युनियर पोरं लेख वाचायला पाठवतात, त्यावरून माझं मत पक्कं झालंय की त्या पानावरची मोठी जागा सिनेमाला देऊ नये. ती एकांकिकेला द्यावी. कॉलेजच्या हॉलमध्ये, पुण्यातल्या भरत नाट्य मंदिर, सुदर्शन अशा नाट्यगृहांत जे काही आपल्याच वयाची मुलं करतायत त्याला द्यावी.

सिनेमाचं गणितच बघा ना. शुक्रवारी लागतो, पोरगं शनिवार-रविवारी बघणार, सोमवार-मंगळवारी लिहिणार, आमच्या वेळी ते मग श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप व्हायचं, पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये पान लागायचं, जोडाक्षरं फुटली असतील ती कोणीतरी डोळे फोडून दुरुस्त करायचं, मग प्रेस, आणि चार पानी अंक हातात येईपर्यंत पुढचा शुक्रवारही उलटून गेलेला असायचा. तोवर सिनेमा हिंदी असेल तर अख्ख्या कॉलेजने बघून त्यावर भांडूनही झालेलं, आणि मराठी असेल तर बऱ्याचदा थिएटरातून उतरलेला. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ च्या दरम्यान मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं ते उगाच नाही, त्याआधी चांगल्या चांगल्या सिनेमांना अडनिड्या वेळेचा एखादा शो मिळायचा आणि आम्ही लेक्चर बुडवून तो गाठायचो. म्हणजे बघावा की नाही, याचं उत्तर आपण छापायला घ्यायचं आणि ते वाचायला कोणी थांबलेलंच नसायचं. शिवाय त्याच सिनेमावर सगळे मोठे पेपर, चॅनेल, वेबसाइट लिहिणार असतात. त्यात आपल्या साडेतीनशे शब्दांची भर पडली काय आणि न पडली काय.

एकांकिकेचं तसं नाही. तिच्यावर दुसरं कोणी लिहितच नाही. पेपरात स्पर्धेचा निकाल येतो: सांघिक प्रथम अमुक, वैयक्तिक अभिनय तमुक, उत्तेजनार्थ ही नावं. बस. पावसाळाभर कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी चाललेल्या असतात, वॉचमनच्या हातापाया पडून रात्री दहापर्यंत थांबायची परवानगी मिळवलेली असते, एवढं करून प्राथमिक फेरीत एक प्रयोग, नशीब असेल तर अंतिम फेरीत दुसरा, मग इकडच्या तिकडच्या स्पर्धांमध्ये दोन-चार, आणि तोवर मुख्य भूमिकेतल्या मुलीची फायनल इयरची परीक्षा येते. संपलं. बॅच पांगते. त्या एकांकिकेत नेमकं काय होतं हे पाच वर्षांनी कोणाला विचाराल तर 'भारी होती रे' याच्या पुढे कोणी जात नाही.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे. ऑगस्टमध्ये सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी लागते आणि मग तिथे 'आव्वाज कुणाचा' या आरोळीने जे काही होतं ते प्रत्यक्षच ऐकायला पाहिजे. या स्पर्धेचा सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर, नेपथ्य-प्रकाश-संगीताच्या झगमगाटाला तिथे मोल नाही. फिरोदिया करंडक याच्या अगदी उलट, तिथे गाणं, नाच, चित्र, शिल्प, असेल नसेल ते सगळं एका गोष्टीत गुंफून रंगमंचावर आणायचं. आज मराठी सिनेमा-नाटकात दिसणारी कितीतरी नावं या दोन स्पर्धांमधून वर आलीत. म्हणजे पुढे ज्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जाणार आहेत ती माणसं विशीत असताना त्यांचं काम बघून लिहायची संधी फक्त कॉलेजच्या पेपराला असते. ती सोडून आपण करोडोंच्या सिनेमाला साडेतीन स्टार द्यायचे का अडीच यावर डोकं लावत बसायचं, हे मला मनापासून पटत नाही.

बरं, एकांकिकेवर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? इथे खरा घोळ आहे. मराठी वाचणाऱ्या कुठल्याही मुलाच्या हातात परीक्षणाचा एक साचा आपोआप येतो. अर्ध्याहून जास्त जागा कथानकाला. मग 'अमुकने भूमिकेला न्याय दिला आहे', 'तमुकची साथ मोलाची', नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत साजेसं, आणि शेवटी 'एकूणच एक वेगळा अनुभव देणारी कलाकृती'. हे असलं परीक्षण नाटक न बघता, नुसतं पत्रक वाचून लिहिता येतं, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. हल्ली त्यात 'निःशब्द' आणि 'अंगावर काटा' यांची भर पडलीय. लिहिणाऱ्याला खरंच काटा आला असेल, माझी त्याबद्दल शंका नाही, पण वाचणाऱ्याला तो कशाने आला ते कळायला नको का?

आमच्याकडे पहिल्या वर्षाचा एक मुलगा लिहायला यायचा, सांगोल्याकडचा, हॉस्टेलवर राहायचा. पाण्याच्या टँकरवरची एक एकांकिका बघून आला होता. विषय नवा नव्हे, दर वर्षी टँकरवर एक तरी असतेच. त्याने लिहून आणलं, 'आत्याच्या भूमिकेत या मुलीने सहजसुंदर अभिनय केला.' आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. मी विचारलं, म्हणजे काय केलं तिने? तो जरा वेळ गप्प बसला आणि मग टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा जग रिकामा करून उठून उभाच राहिला. तो जग कमरेवर घेऊन त्याने दाखवलं की ती कळशी घेऊन कशी यायची. कळशी एका बाजूला, म्हणून अंग दुसरीकडे कललेलं, मोकळा हात शरीरापासून लांब, पावलं आखूड, आणि उंबरा आला की नजर पायाकडे नाही तर कळशीच्या तोंडाकडे, पाणी हिंदकळतंय का बघायला. मधेच एक पात्र तिला धडकतं, तेव्हा ती स्वतःला सावरत नाही, आधी कळशी सावरते. आणि टँकर यायचा बंद होतो त्या प्रवेशात तीच कळशी ती दोन बोटांवर, काठाला धरून, हलवत हलवत घेऊन येते. त्याच्या शेजारी बसलेला कुणीतरी तेव्हा पटकन म्हणाला म्हणे, 'रिकामीये की!' कळशी पहिल्यापासून रिकामीच होती. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता.

मी त्याला म्हटलं, हेच लिही. त्यातलं सहजसुंदर काढ आणि हे सगळं घाल. त्याने घातलं, आणि त्या वर्षी आमच्या अंकात छापलेलं सगळ्यात चांगलं लिखाण ते होतं असं मला आजही वाटतं. ज्याच्या घरी लांबून पाणी भरावं लागलंय त्यालाच ते बारकाईने दिसलं असणार, मला कदाचित दिसलं नसतं. आणि म्हणूनच विद्यार्थ्यांच्या पेपरात कुठून कुठून आलेली पोरं लिहिणारी हवीत. नुसती पुण्याच्या पेठांमधली आणि कोथरूडची नकोत.

भाषेच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. पुण्यातल्या परीक्षणात 'संवादांना ग्रामीण बाज आहे' एवढ्या एका वाक्यात अर्धा महाराष्ट्र उरकला जातो. कुठला ग्रामीण? एका एकांकिकेत गाव साताऱ्याकडचं दाखवलेलं, पात्र 'व्हय' म्हणतंय, 'म्या' म्हणतंय, आणि पुढच्याच वाक्यात 'काहून' विचारतंय. आमच्याकडची यवतमाळची एक मुलगी हे ऐकून चिडलीच, म्हणाली की आमच्याकडचं काहून नेऊन साताऱ्याच्या पाटलाच्या तोंडात कशाला घालता. तिचा मुद्दा परीक्षणात आला. काही जणांना वाटलं ही किरकोळ चूक काढणं झालं, पण माझ्या मते ते अजिबात किरकोळ नव्हतं. लेखकाने ते गाव ऐकलेलंच नाही, त्याने दुसऱ्या एकांकिकांमधलं गाव ऐकलंय, हे त्या एका शब्दावरून उघडं पडत होतं. तेच धुळे-नंदुरबारच्या संघाने अख्खी एकांकिका अहिराणीत केली तर पुण्यातला मुलगा 'भाषेचा अडसर जाणवला' असं लिहून मोकळा होतो. अडसर कोणाला जाणवला तेही लिहायला पाहिजे, कारण खान्देशातली पोरं त्याच हॉलमध्ये त्याच वाक्यांवर पोट धरून हसत असतात.

आता कॅन्टीनचा प्रश्न. मोठ्या पेपरचा समीक्षक लिहितो आणि घरी जातो. कॉलेजच्या पेपरात लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दिग्दर्शकासमोर वडापाव खायचा असतो, कधी कधी तर तो प्रॅक्टिकलचा पार्टनर असतो. त्यात स्पर्धेच्या दिवसांत कॉलेजचा अभिमान असा काही तापलेला असतो की आपल्या संघाबद्दल चार शब्द बरेवाईट लिहिले तर ती फितुरी समजतात. आमच्याच कॉलेजच्या एका एकांकिकेबद्दल मी लिहिलं होतं की शेवटची पाच-सात मिनिटं नायक पुढे येऊन प्रेक्षकांना भाषण देतो, आणि त्या भाषणात जे आहे ते सगळं आधीच्या प्रवेशात न बोलता आलेलं आहे, त्यामुळे भाषण ऐकताना आधीचं पातळ होत जातं. दिग्दर्शक भेटला तेव्हा त्याचं म्हणणं एकच, तू आपल्या कॉलेजची आहेस ना? मी म्हटलं, आहे म्हणूनच तीनदा तपासून लिहिलंय. त्याने ते भाषण काढलं नाही. पुढच्या स्पर्धेतही ते तसंच होतं आणि तिथे त्यांना बक्षीसही मिळालं. माझं मत तरीही बदललेलं नाही. परीक्षकांचा निकाल आणि आपलं परीक्षण जुळायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? उलट निकाल लागायच्या आत लेख लिहून संपवायचा, हा नियम मी नव्या मुलांना आवर्जून सांगते, नाहीतर बक्षीस मिळालेल्यांमध्ये गुण दिसायला लागतात आणि न मिळालेल्यांमध्ये दोष.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळायचो. चांगलं काम केलं असेल तर नाव घेऊन लिहायचं, अगदी बॅकस्टेजच्या मुलाचंही, दोन प्रवेशांमधल्या अंधारात सामान आवाज न करता हलवलं असेल तर तेसुद्धा. पण पहिल्यांदाच उभं राहिलेलं कुणी वाक्य विसरलं, आवाज मागपर्यंत पोचला नाही, तर तिथे नाव नाही घालायचं. तो दोष दिग्दर्शकाच्या खात्यावर लिहायचा, कारण पात्रनिवड त्याची आहे आणि तालीम त्याने घेतलीय. अठरा वर्षांच्या मुलीचं नाव छापून तिची फजिती कायमची करून ठेवण्यात कसली आलीय निर्भीड समीक्षा. आता तर अंक पीडीएफ होऊन वर्षानुवर्षं गुगलवर सापडतो, त्यामुळे हे जास्तच जपायला हवं. लेखक आणि दिग्दर्शक यांच्याशी मात्र मोठ्यांसारखं बोलावं. एकांकिका उचललेली असेल तर तेही स्पष्ट लिहावं. समीक्षक माधव मनोहरांची आठवण जुनी नाटकवाली मंडळी अजून काढतात, मराठी नाटकाचं मूळ कुठल्या इंग्रजी नाटकात आहे हे शोधून दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. आज पोरं शॉर्टफिल्ममधून कल्पना उचलतात, आणि ते पकडायला दुसरं पोरगंच लागतं, कारण परीक्षकांनी ती शॉर्टफिल्म बघितलेली असेलच असं नाही.

याच भरतच्या रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. तेव्हा तिथे बसलेली विशीतली मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि आमच्या पिढीने तो मूळ संच बघितलेला नाही. पण त्यात माणसांची रांग म्हणजेच पडदा, ती वळली की जागा बदलते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, कारण बघणाऱ्यांनी ते सांगितलं, लिहिलं, त्यावर कडाकडा भांडले. वि. भा. देशपांड्यांसारख्या माणसाने पुढे मराठी नाट्यकोश उभा केला तो असल्या लिहून ठेवलेल्या गोष्टींच्याच जिवावर ना? त्या लोकांनी नुसतं 'वेगळा अनुभव' एवढंच लिहिलं असतं तर आपल्या हातात काय लागलं असतं.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, त्या तोडीची एकांकिका अंतिम फेरीत नव्हती असं त्यांचं म्हणणं. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. केवढा गदारोळ झाला तेव्हा! मुलांचा अपमान आहे, नाही नाही दर्जा राखलाच पाहिजे, परीक्षकांनीच आधी काहीतरी करून दाखवावं, आमच्या वेळी कशा एकांकिका व्हायच्या, दोन्हीकडून नुसत्या पोस्टीवर पोस्टी. मी त्या दिवसांत सापडेल ते वाचत होते. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या एकांकिकांमध्ये रंगमंचावर होतं तरी काय, कोण कुठून येत होतं, काय बोलत होतं, कुठे रंगलं आणि कुठे पडलं. मी वाचलं त्यात ते जवळजवळ कोणीच लिहिलेलं नव्हतं. एखाद्या कॉलेजच्या पोरांनी सगळे प्रयोग बघून नीट सविस्तर परीक्षणं छापली असती, तर करंडक द्यायला हवा होता की नव्हता यावर आम्हाला निदान काही आधाराने बोलता आलं असतं. परीक्षकांची बाजू घेणाऱ्यांनाही आणि मुलांची घेणाऱ्यांनाही.

या सगळ्याचा उपयोग काय असं कोणी विचारलं की मी एक किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाला एक जुनी एकांकिका परत करायची होती. संहिता कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये मिळाली. नुसते संवाद, आणि मधूनमधून कंसात अंधार, प्रकाश, अंधार. सुरुवातीचा प्रवेश एसटी बसमधला. आता नेपथ्याशिवाय बस कशी दाखवली होती? मूळ दिग्दर्शक नोकरीनिमित्त बेंगळुरूला, त्याला फोन केला तर तो म्हणे दोरी होती बहुतेक, पुढचं आठवत नाही यार. शेवटी आमच्या अंकातलं परीक्षण कोणीतरी काढलं. त्यात लिहिलेलं होतं, की तिघं जण गुडघे किंचित वाकवून एकाच आडव्या दोरीला धरून उभे राहतात, खड्डा आला की आधी दोरी हलते आणि मग माणसं, आणि कंडक्टर दोरीखालून वाकून जातो तेव्हा तिघांनाही एकेक पाऊल मागे सरकावं लागतं, त्यातूनच गर्दी दिसते. एवढ्या चार ओळी. त्या वाचून पोरांनी संध्याकाळच्या तालमीत बस उभी केली. त्याच पानावर शेजारी एका हिंदी सिनेमाचं लांबलचक परीक्षण होतं, ते कोणी वाचलंही नाही.

हे लिहायला कसब लागतं पण ते जमण्यासारखं आहे. तालीम बघायला जाऊ नका, आधी तालीम बघितली की प्रयोगात न दिसलेलंही दिसायला लागतं. छोटी वही न्या, फोनवर टिपू नका, त्या उजेडाने शेजारच्याचा आणि विंगेत उभ्या असलेल्या मुलांचाही विचका होतो. अंधारात लिहिताना पानावर एकच ओळ लिहून पान उलटायचं म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत. आणि बाहेर आल्यावर कट्ट्यावरच्या चर्चेत शिरायच्या आधी एका कोपऱ्यात बसून, काय बघितलं ते क्रमाने उतरवून काढायचं. मत नंतर. मत आपोआप येतं, ते कुठे पळून जात नाही. सुदर्शनसारख्या छोट्या जागेत प्रेक्षक आणि नट यांच्यात अंतरच नसतं, तिथे श्वाससुद्धा ऐकू येतो, तर तेही टिपा.

आमचं पाक्षिक आता कागदावर निघत नाही. ज्युनियर पोरं इन्स्टावर दहा स्लाइड टाकतात, प्रत्येक स्लाइडवर दोन-तीन ओळी, पहिल्या स्लाइडवर फोटो. माझी त्याला काही हरकत नाही. उलट निकालाची वाट न बघता रात्रीच पोस्ट करता येतं, आमच्यासारखं दोन आठवडे प्रेसच्या तालावर नाचावं लागत नाही. फक्त त्या दहातल्या निदान सहा स्लाइड तरी रंगमंचावर काय घडलं याला द्या, एवढाच माझा हट्ट असतो. परवा एका मुलीने पाठवलेल्या मजकुरात होतं, 'बापाचं काम करणारा मुलगा बोलताना शर्टाचं वरचं बटण लावतो आणि खोटं बोलून झालं की काढतो.' मी तिला म्हटलं, ही ओळ पहिल्या स्लाइडवर टाक.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी कधी कॉलेजच्या अंकात, भित्तिपत्रकात, हस्तलिखितात एकांकिकेवर काही लिहिलं असेल, किंवा घरात माळ्यावर असले अंक पडून असतील, तर ते रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघा. परीक्षणाच्या पानाचा फोटो काढा. सोबत वर्ष, कॉलेज, स्पर्धा कुठली, फेरी कुठली आणि मिळाली तर कलाकारांची नावं लिहा, आणि त्या कॉलेजच्या आत्ताच्या नाट्यमंडळाला पाठवून द्या. त्यांच्याकडे ते असण्याची शक्यता फार कमी आहे. ऑगस्टमध्ये परत प्राथमिक फेरी लागेल, त्याच्या आधी पाठवलंत तर जास्त बरं.